उजवी बाजू नेमकी कोणाची?

"डॉक्टर, माझं हृदय उजवीकडे सरकलंय का हो?" छातीचा एक्स-रे उजेडाकडे धरून एक काका घाबरून विचारत होते. हृदय जागेवरच होते! रुग्ण आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असे समजून एक्स-रे पाहायचा असतो. त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला दिसते.

उजवे-डावे ठरते ते तोंड कुठे आहे यावरून. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा आणि दक्षिण दिशासुद्धा, कारण पूर्वेकडे तोंड केले की दक्षिण उजव्या हाताला येते. आपल्या धरणांचे उजवा कालवा, डावा कालवा हे ठरवताना पाणी वाहते त्या दिशेला तोंड धरतात.

खलाशांनी तर यासाठी वेगळे शब्दच घडवले. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड केल्यावर उजवी बाजू ती 'स्टारबोर्ड' आणि डावी ती 'लारबोर्ड'. खलाशी कुठेही तोंड करून उभा असो, जहाजाची बाजू बदलत नाही. पण हे दोन शब्द कानाला सारखेच लागत. वाऱ्या-पावसात हुकूम चुकीचा ऐकू आला तर अनर्थच! म्हणून 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने 'लारबोर्ड' बंद करून 'पोर्ट' हा शब्द सक्तीचा केला.

वैद्यकशास्त्राचा नियमही असाच आहे. डॉक्टर कुठेही उभा असो, उजवे म्हणजे रुग्णाचे उजवे. तरीही माणूस चुकतो, आणि चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया ही जगभर घडलेली गंभीर चूक आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी-यादी आणली. भूल देण्यापूर्वी जागेवर खूण केली आहे ना, हे पाहायचे. चीर देण्यापूर्वी सर्वांनी थांबून रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया आणि जागा मोठ्याने म्हणायची.

यात तुमचाही वाटा आहे. दुखणे सांगताना नुसते "उजवीकडे" म्हणू नका, त्या जागेवर हात ठेवा. रिपोर्टवर लिहिलेली बाजू घरी जाण्यापूर्वी वाचा. शस्त्रक्रियेआधी पेनाने केलेली खूण पुसू नका. आणि "कोणता गुडघा?" असे चौथ्यांदा विचारले तरी चिडू नका. डॉक्टर विसरलेले नसतात, ते खात्री करून घेत असतात.