एकच प्रत म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे: कोडाईकनालच्या काचांपासून आपल्या लॅपटॉपपर्यंत

प्रयोगशाळेतला प्रयोग फसला तर तो बहुधा पुन्हा करता येतो. आकाशाचे निरीक्षण मात्र ज्या दिवसाचे असते, त्या दिवसाचेच असते. १९१० साली सूर्यावर किती डाग होते आणि ते बिंबावर नेमके कुठे होते, हे आजची कितीही बलाढ्य दुर्बीण सांगू शकत नाही. सांगू शकते ती फक्त त्या दिवशी घेतलेली नोंद, आणि तीही टिकली असेल तरच. विदा जपण्याचा प्रश्न विज्ञानात इतका गंभीर का मानला जातो, याचे उत्तर या साध्या वस्तुस्थितीत आहे.

अशा नोंदींचा भारतातील एक मोठा ठेवा तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे आहे. १८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाख्याने भीषण दुष्काळ अनुभवला. पावसाच्या लहरीपणाचा सूर्यावरील घडामोडींशी काही संबंध असेल का, हा प्रश्न त्यानंतर अधिक तीव्रतेने विचारला जाऊ लागला. पळणी डोंगररांगेत २,३०० मीटरहून अधिक उंचीवर १८९९ साली सौर वेधशाळा स्थापन झाली, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तेथे सूर्यबिंबाची नियमित छायाचित्रे घेतली जाऊ लागली. काही साध्या प्रकाशातली होती, तर काही कॅल्शियमच्या ३९३.४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशातली. १९१२ पासून हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशातली छायाचित्रेही त्यांत जमा झाली. सौरडागांतील वायू केंद्रापासून बाहेरच्या दिशेने वाहतो, हा शोध जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये येथेच लावला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

ही सर्व छायाचित्रे दीर्घकाळ काचेच्या प्लेटवर आणि पुढे फिल्मवर घेतली गेली. काचेवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीचे सूक्ष्म कण, अशी या प्लेटची रचना असते. जिलेटिनला दमट हवा मानवत नाही; त्यावर बुरशी चढते, थर सुटू लागतो आणि काच तर हातातून निसटली की फुटतेच. प्रत्येक प्लेट ही त्या दिवसाच्या सूर्याची मूळ प्रत होती, आणि कित्येकदा तीच एकमेव प्रत होती. शंभर वर्षांचा सूर्य एका डोंगरावरच्या कपाटांमध्ये बंद होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

भारतीय खगोलभौतिकी संस्थेने या प्लेटचे अंकीकरण हाती घेतले त्याचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे. अलीकडच्या अंकीकरणात प्रत्येक प्रतिमा ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंची आहे आणि प्रत्येक बिंदूसाठी १६ बिट राखलेले आहेत. साध्या गुणाकाराने एका प्रतिमेला सुमारे ३३ मेगाबाइट लागतात. रोज एक प्रतिमा धरली, तर शंभर वर्षांच्या सूर्याला जेमतेम सव्वा टेराबाइट पुरतो. म्हणजे एक शतक आज खिशातल्या हार्ड डिस्कवर मावते. त्यामुळे त्याच्या दहा प्रती करून दहा शहरांत ठेवणे सोपे झाले. पण प्रत एकच ठेवली, तर टेबलावरून पडलेल्या एका डिस्कबरोबर ते अख्खे शतक नाहीसे होणेही तितकेच सोपे झाले. चालू हार्ड डिस्कमध्ये वाचक-शीर्ष फिरत्या तबकडीपासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. अशा वेळी एक धक्का पुरेसा होतो.

केवळ चित्र जपून भागत नाही, हेही या कामातून दिसते. प्लेट कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली आणि बिंबाची उत्तर दिशा कोणती, हे ठाऊक नसेल, तर तिच्यावरून सूर्याच्या भ्रमणाचा वेग काढता येत नाही. खगोलशास्त्रात १९८१ पासून प्रचलित असलेल्या फिट्स या फाइल-स्वरूपात म्हणूनच प्रतिमेच्या आधी साध्या मजकुरात तिची माहिती लिहिलेली असते. नवी आवृत्ती आली तरी जुनी फाइल वाचता आलीच पाहिजे, हे या स्वरूपाचे मूलभूत धोरण आहे.

या जुन्या नोंदींचा उपयोग आज संपलेला नाही. २०२३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल१ या यानावर पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली तयार झालेली सूट ही दुर्बीण आहे. तिच्या निरीक्षणांमध्ये कॅल्शियमचा ३९६.८ नॅनोमीटरचा प्रकाश समाविष्ट आहे. कोडाईकनालच्या प्लेटवरील प्रकाशाची ही जुळी रेषा होय. सूर्याचे एक चक्र सुमारे ११ वर्षांचे असते. एखादे यान त्यातील एखाद-दुसरे चक्र पाहू शकते. आजचे चक्र जोरदार की क्षीण, हे ठरवण्यासाठी मागची अनेक चक्रे हाताशी असावी लागतात. ती त्या काचांवर आहेत.

सर्वच नोंदींचे नशीब इतके चांगले नसते. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर पाऊल ठेवले, तेव्हा चंद्रावरून आलेले मूळ दूरचित्र नासाच्या चुंबकीय फितींवर नोंदले गेले होते. लोकांनी घरी पाहिले ते रूपांतरित आणि म्हणून कमी दर्जाचे चित्र होते. अनेक वर्षांनी मूळ फितींचा कसून शोध घेण्यात आला. २००९ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा, की फितींच्या टंचाईच्या काळात त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. शत्रू नव्हता, आग नव्हती. एक काटकसरीचा निर्णय तेवढा होता. पुढे जे चित्र सुधारून प्रसिद्ध झाले, ते प्रक्षेपण संस्थांकडे आणि इतरत्र राहिलेल्या प्रतींमधून. मूळ गेले, पण दुसरीकडच्या प्रती उपयोगी पडल्या.

याच्या उलट गोष्ट ल्युनर ऑर्बिटर यानांची. १९६६ आणि १९६७ मध्ये या पाच यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठवली आणि त्यांच्या फिती जपल्याही गेल्या. अडचण निराळीच होती: त्या वाचू शकणारी यंत्रे दुर्मीळ झाली होती. नॅन्सी इव्हान्स यांनी अशी काही यंत्रे स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे सांभाळली. ती दुरुस्त करून २००८ मध्ये, चंद्राच्या क्षितिजावर दिसणाऱ्या पृथ्वीचे १९६६ चे छायाचित्र पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक स्पष्टपणे पुन्हा मिळवता आले. फीत असणे आणि ती वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या गॅरेजने दाखवून दिले.

संगणकाच्या आजच्या युगात धोक्याचे रूप बदलले, तर्क बदलला नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणक प्रणालीवर खंडणीखोर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट विदा कुलूपबंद झाली आणि अनेक दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले. ई-हॉस्पिटल प्रणालीतील नोंदी परत मिळाल्या, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता. रुग्णांच्या नोंदी आणि कायमचे नुकसान यांच्यामध्ये उभी होती ती हीच दुसरी प्रत.

परंतु बॅकअप हा शब्द उच्चारला म्हणजे विदा सुरक्षित झाली, असेही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअप प्रणालीतल्याच एका सदोष आज्ञावलीने सुमारे ७७ टेराबाइट विदा पुसून टाकली. १४ संशोधन गटांच्या सुमारे ३.४ कोटी फाइली गेल्या. त्यांपैकी चार गटांची विदा परत आणता आली नाही. राखणदारानेच घर रिकामे केले, आणि ते उघडकीस आले तोवर उशीर झाला होता.

या घटना एकत्र ठेवल्या की, संगणक क्षेत्रात ३-२-१ म्हणून रूढ असलेला नियम पाठ करण्याची गरज उरत नाही. तो आपोआप सुचतो. मूळ धरून प्रती तीन असाव्यात, कारण एक पुसली जाऊ शकते. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, कारण एका प्रकारचे यंत्र कालबाह्य होऊ शकते किंवा एकाच दोषाने निकामी होऊ शकते. त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी असावी, कारण आग, पूर आणि चोर एका घराला एकदाच भेट देतात आणि सर्व काही घेऊन जातात. खंडणीखोर हल्ल्यांनी त्यात आणखी एका अटीची भर घातली: एक प्रत संगणकापासून तोडलेली असावी.

विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरचा प्रबंध हा कोडाईकनालच्या प्लेटहून तत्त्वतः वेगळा नाही. तीन वर्षांची मोजमापे, दुर्गम गावात केलेले सर्वेक्षण, दिवंगत आजीच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, यांपैकी काहीही पुन्हा घडवता येत नाही. लॅपटॉप आणि क्लाउड आपोआप जुळवून ठेवणारी सोय म्हणजे पूर्ण बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर चुकून पुसलेली फाइल क्लाउडवरूनही तत्परतेने पुसली जाते. तेथे जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात, हे आधीच पाहून ठेवावे लागते. लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवलेला पेन ड्राइव्ह ही दुसरी प्रत खरी, पण पिशवी हरवली की दोन्ही हरवतात. फाइलींसोबत दिनांक, एकके आणि पद्धत सांगणारा साध्या मजकुराचा कागद नसेल, तर पाच वर्षांनी स्वतःचीच विदा परकी होते.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती शेवटची पायरी: प्रत उघडून पाहणे. महिन्यातून एकदा एखादी जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर परत आणून ती शब्दशः तीच आहे का, हे तपासण्यास अर्धा तास लागतो. हा अर्धा तास न देणारे लोक डिस्क बंद पडल्यावर विदा-पुनर्प्राप्तीची दुकाने शोधतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार, आणि तिला पाणी लागेल याची खात्री कुणी देत नाही.

कोडाईकनालच्या निरीक्षकांनी आपल्या प्लेट शंभर वर्षांनी कोण पाहील आणि कशासाठी, याची कल्पना केली नसावी. तरीही त्यांनी दिनांक लिहिला, वेळ लिहिली आणि काच कपाटात नीट ठेवली. आजच्या संशोधकाकडे त्यांच्याहून एक गोष्ट जास्त आहे: दुसरी प्रत काही मिनिटांत आणि अल्प खर्चात करता येते. ती केली नाही, तर दोष यंत्राला देता येणार नाही.