हौसेचा व्यवसाय

फुलांची आवड कोणास नाही? परंतु आवड ही एक गोष्ट आणि तिच्यावर उपजीविका करणे ही दुसरी. देवळापाशी बसून हार व वेण्या विकणाऱ्या फुलाऱ्याचा आपण धंदा मानतो. मंगलकार्यात मखर सजविणाऱ्या गृहिणीची मात्र ती केवळ हौस ठरते. ही सीमारेषा इंग्लंडात ज्या स्त्रीने ओलांडली, त्या कॉन्स्टन्स स्प्राय यांची हकीकत म्हणूनच मननीय आहे.

स्प्रायबाईंचा जन्म १८८६ साली डर्बी येथे झाला. आयर्लंडात आरोग्यशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी तेथे व्याख्यानेही दिली. पुढे १९२१ साली लंडनच्या पूर्व भागातील एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. कारखान्यांत राबणाऱ्या कोवळ्या वयाच्या मुली तेथे शिकावयास येत. स्वयंपाक व शिवण यांच्या जोडीला बाई त्यांना फुलांची मांडणीही शिकवीत. दारिद्र्याने गांजलेल्या घरासही सौंदर्याचा हक्क आहे, हा त्यांचा विश्वास याच शाळेत दृढ झाला असावा.

चाळिशी उलटल्यावर त्यांनी ही शाश्वत नोकरी सोडली आणि १९२९ साली पिम्लिको भागात लहानसे दुकान थाटले. त्याच वर्षी जागतिक मंदीची चाहूल लागली. म्हणजे मुहूर्त काही शुभ नव्हता! परंतु बाईंपाशी भांडवलापेक्षा मोलाची अशी दृष्टी होती. त्या काळी पुष्पविक्रेते गुलाब व कार्नेशन तारेने ताठ बांधून देत. बाईंनी बाँड स्ट्रीटवरील एका सुगंधी द्रव्यांच्या दुकानाच्या खिडक्या सजविल्या त्या रानवेलींनी व कुंपणावरच्या फुलांनी. ये-जा करणारे लोक थबकून पाहू लागले. परसातील कोबीवर्गीय भाजीची पाने त्यांनी फुलांशेजारी बसविली. रश्शाचे भांडे, भाजणीचे तबक, काहीही त्यांस फुलदाणी म्हणून चाले. जे इतरांनी टाकून दिले, त्यातच त्यांस शोभा दिसे. त्यांच्या यशाचे मर्म आमच्या मते हेच होय.

पुढील वाढ झपाट्याने झाली. १९३४ साली दुकान मेफेअरमध्ये गेले, पहिला ग्रंथ निघाला आणि पुष्परचनेची शाळाही लवकरच उभी राहिली. १९५३ साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या मिरवणुकीचा मार्ग सजविण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९६० साली त्या निवर्तल्या. पुढील वर्षी डेव्हिड ऑस्टिन यांनी आपल्या एका नव्या गुलाबास त्यांचे नाव दिले.

तरीही ‘ही का कला?’ हा प्रश्न त्यांच्या मागे राहिलाच. २००४ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्यांच्या कार्याचे प्रदर्शन भरविले. यंत्ररचनेपेक्षा सजावटीस अधिक मान मिळतो, अशी तक्रार करीत त्या संस्थेचे अध्यक्ष जेम्स डायसन यांनी त्याच वर्षी पद सोडले. त्यांच्या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. फूल दोन दिवसांत सुकते, यंत्र वर्षानुवर्षे चालते. परंतु घरात रोज केल्या जाणाऱ्या कामास ज्ञान लागते, ते शिकविता येते व त्याचे मोल मागता येते, हे बाईंनी सिद्ध केले. विनामोल होते म्हणून आपण क्षुल्लक लेखलेली अशी कामे आपल्या घरांतही थोडी नाहीत.