राज्य आधी, पूर्वज मागाहून

एखाद्या कादंबरीकाराने कल्पनेतले साम्राज्य उभे करावयाचे ठरविले, तर आरंभीच्या प्रकरणांत त्याला काय काय लागेल? ज्याचे कूळ एखाद्या पुण्यपुरुषापर्यंत पोहोचते असा एक मूळपुरुष लागेल. शिकारीत वाट चुकलेला एक बादशहा लागेल. बळाने न मिळणारा आणि युक्तीने मिळालेला एक गड लागेल. शेवटी नदीकाठी येऊन नव्या राजधानीला नाव देणारा एक सत्पुरुषही हवा. आपल्या बुऱ्हाणपूरच्या फारुकी घराण्याच्या आरंभकथेत ही सगळी सामग्री जशीच्या तशी सापडते. राज्य मात्र कल्पनेतले नव्हते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते उभे राहिले आणि जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती जाईपर्यंत टिकले. साम्राज्य म्हणावे एवढे ते कधीच मोठे नव्हते. पण त्याने वसविलेल्या शहरात आपण राहतो, तेव्हा त्याच्या जन्मकथेची चौकशी करण्याचा अधिकार आपल्याला आहे.

ही कथा मुख्यतः सांगितली ती फरिश्त्याने. तो विजापूरकर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी होता. १६०४ साली आदिलशहाची कन्या अकबरपुत्र दानियालला दिली, त्या वधूच्या लवाजम्याबरोबर तो बुऱ्हाणपुरास आला. राज्य बुडून तीनच वर्षे झाली होती. फारुकींचा इतिहास लिहिलेला कुठे मिळेल का, अशी त्याने विचारपूस केली. इतिहास मिळाला नाही. मिळाली ती घराण्याच्या ग्रंथसंग्रहातून उतरलेली वंशावळ. मलिक राजा या मूळपुरुषापासून मागे मागे जात ती थेट खलिफा उमर यांच्यापर्यंत पोहोचत होती. उमरांचे उपपद ‘फारूक’, म्हणजे सत्य आणि असत्य यांत भेद करणारा. घराण्याचे नाव त्यावरूनच आले. आरंभीच्या इतिहासात नेमका हाच भेद करणे कठीण व्हावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

मलिक राजाला ही वंशावळ का हवी असेल, हे समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. फिरोजशहा तुघलक गुजरातेकडे असताना शिकारीच्या नादात एकटा पडला, भुकेला झाला. त्याला या माणसाने आपल्या शिदोरीतले खाऊ घातले आणि बक्षीस म्हणून १३७० च्या सुमारास थाळनेर व करवंद हा मुलूख मिळविला, असे फरिश्ता सांगतो. दिल्ली खिळखिळी होऊ लागली तेव्हा, १३८२ पासून, तो स्वतंत्रपणे वागू लागला. एका बाजूस गुजरात, दुसऱ्या बाजूस माळवा, आणि मध्ये तापीकाठची ही चिंचोळी पट्टी. माळव्याच्या दिलावरखान घोरीशी त्याने सोयरीक केली. सोयरीक म्हटली की कूळ विचारले जातेच. ज्याच्यापाशी मुलूख आहे आणि पूर्वज नाहीत, त्याला पूर्वज मिळवावे लागतात. १३४७ मध्ये दक्षिणेत राज्य स्थापणाऱ्या हसनानेही इराणच्या प्राचीन बहमन राजाशी नाते सांगितलेच होते. रोमनांनी आपले मूळ जळालेल्या ट्रॉयमध्ये शोधले आणि बाराव्या शतकातल्या एका ब्रिटिश ग्रंथकाराने इंग्रजांच्या बेटाचा पहिला राजाही त्याच ट्रॉयच्या वंशातून आणविला. मलिक राजा या पंगतीत शेवटच्या पानावर बसलेला एक लहान पाहुणा.

तो १३९९ मध्ये वारला. थाळनेरला, आजच्या धुळे जिल्ह्यात, फारुकींच्या कबरी आहेत. त्याचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेतला, आणि इथून कथा रंगू लागते.

गडाचा धनी आसा अहीर. फरिश्ता त्याची संपत्ती मोजून देतो: पाच हजार म्हशी, पाच हजार गाई, वीस हजार मेंढ्या, हजार घोड्या. दुष्काळात त्याने धान्याची कोठारे खुली केली आणि भुकेल्यांना काम मिळावे म्हणून गडाची तटबंदी नव्याने बांधून घेतली. अशा माणसाकडे नसीरखानाने निरोप पाठविला की बागलाण, अंतूर आणि खेरला इथले राजे माझ्यावर उठले आहेत, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा द्यावा. पहिल्या दिवशी मेण्यांतून खरोखरच स्त्रिया गेल्या. आसाच्या घरच्या बायकांनी त्यांचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी दोनशे मेणे गेले आणि त्यांत शिपाई होते. मुलांना घेऊन स्वागताला आलेला आसा तिथेच मारला गेला.

ही गोष्ट खरी मानावी काय? गड नसीरखानाने घेतला, याविषयी शंका नाही. मेण्यांविषयी मात्र आहे. बिहारातला रोहतासगड शेरशहाने १५३८ मध्ये घेतला त्याचीही हीच कथा सांगतात. शेरशहाने नसीरखानाचीच युक्ती उचलली, असे फरिश्ता म्हणतो. प्रस्तुत लेखकाला उलटा संशय येतो. फरिश्त्याच्या काळी रोहतासची कथा ताजी आणि सर्वतोमुखी होती, असीरगडाची घटना मात्र दोनशे वर्षांची जुनी. प्रसिद्ध कथा जुन्या गडावर जाऊन बसणे अगदी सोपे. हा तर्क आहे, पुरावा नव्हे, हे कबूल करावयास हवे. तरी एका गोष्टीचे नवल वाटते. फारुकींच्या आरंभकथेत सर्वांत उदार माणूस आहे तो फारुकी नव्हे, तर ज्याला त्यांनी दग्याने मारले तो गवळी राजा. विजेत्यांच्या कथेत पराभूताच्या कोठारांची आठवण कोणी जपून ठेवली? दरबाराने ठेवली असेल असे वाटत नाही. गडाच्या नावात ‘आसा अहीर’ ऐकणारी माणसे पायथ्याच्या गावांतलीच असणार.

आता शहराच्या जन्माकडे वळू. गड घेतल्यावर नसीरखानाचे अभिनंदन करण्यास दौलताबादेहून शेख झैनुद्दीन आले, असे फरिश्ता लिहितो. तापीच्या एका तीरावर खानाची छावणी, दुसऱ्या तीरावर शेखांची. खानाने गावे देऊ केली. शेखांनी ती नाकारली आणि एवढेच मागितले की राजाच्या तीरावर माझे गुरू बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने नगर वसवावे आणि माझ्या तीरावर माझ्या नावाने एक पुरा. म्हणून इकडे बुऱ्हाणपूर आणि पलीकडे झैनाबाद. राजघाटावर उभे राहिले की आजही ही कथा डोळ्यांसमोर उभी राहते, इतकी ती भूगोलाशी जुळते.

कालगणनेशी मात्र ती जुळत नाही. बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये निवर्तले आणि शेख झैनुद्दीन १३६९ मध्ये. दोघेही खुलदाबादेस चिरनिद्रा घेत आहेत. नसीरखान गादीवर आला १३९९ मध्ये. म्हणजे अभिनंदनाला आलेल्या शेखांना जाऊन तीस वर्षे झाली होती.

मग सारेच खोटे का? तसेही म्हणता येत नाही. शहराचे नाव खरे आहे, पलीकडच्या गावाचे नाव खरे आहे आणि त्या दोन सत्पुरुषांवरची या घराण्याची भक्तीही खरी असणार. मलिक राजाला शेखांकडून शिष्यत्वाची खिरका मिळाली होती आणि ती शेवटच्या बहादुरखानापर्यंत गादीबरोबर चालत आली, असे फरिश्त्याने नोंदविले आहे. खोटी आहे ती भेट. दिवंगत गुरूच्या नावाने नगर वसविले, एवढे सांगून लोकांचे समाधान झाले नाही; गुरू स्वतः येऊन उभा राहायला हवा होता. ‘खानदेश’ या नावाचेही तसेच. गुजरातच्या अहमदशहाने नसीरला ‘खान’ ही पदवी दिली म्हणून खानांचा देश, असे एक पक्ष सांगतो. कृष्णाचा कान्हदेश, असे दुसरा. दोघांनाही आपापला धनी नावात हवा आहे. असो.

या घराण्याची दुसरी वंशावळ आपल्या अगदी जवळ आहे. जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर नागरी अक्षरांतला संस्कृत शिलालेख आहे. शके १५११, संवत १६४६, म्हणजे इसवी सन १५९० चा आरंभ. प्रथम सृष्टिकर्त्याला नमन आणि मग मशीद बांधविणाऱ्या आदिलशहा फारुकीचे, म्हणजे राजा अलीखानाचे, कूळ. हे कूळ मलिक राजापासून सुरू होते. इथल्या वाचकासाठी इथल्या लिपीत लिहिताना तापीच्या खोऱ्यातला पहिला पुरुष पुरेसा वाटला असावा. अरबस्तानापर्यंत जाणारी वंशावळ ग्रंथसंग्रहात राहिली आणि दगडावर कोरली गेली ती एवढी. दोहोंपैकी दगडावरची मला अधिक विश्वासार्ह वाटते, आणि त्याचे एकमेव कारण तो दगड आहे हे नव्हे. तिला कोणाची सोयरीक जमवावयाची नव्हती.

हे सारे लिहिण्याचे निमित्त घरगुती आहे. आमच्या चुलत घराण्याने कुलवृत्तांत छापण्याचे मनावर घेतले आणि पहिले प्रकरण माझ्याकडे आले. इतवाऱ्यातल्या आमच्या घरी लहानपणापासून ऐकत आलो की मूळपुरुष १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर पानिपताच्या वाटेवर इथे आले आणि आजारी पडून मागे राहिले. त्याच साली उदगीरच्या तहाने बुऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले होते, तेव्हा कथेला शोभेसे वर्षही मिळाले. आपल्यापैकी अनेक घरांत असेच काही सांगितले जात असेल. रुमाल सोडून पाहिला तेव्हा सर्वांत जुना कागद निघाला तो शके १७६६ चा, म्हणजे १८४४ चा, घरखरेदीचा. इथे शिंद्यांचा अंमल होता तेव्हाचा. विकत घेणारा तोच मूळपुरुष. माझ्या आजोबांच्या आजोबांचा बाप. पिढ्या मोजल्या तर त्याचा जन्म १८१० च्या अलीकडे-पलीकडे येतो. शेख झैनुद्दीन बुऱ्हाणपुरास तीस वर्षे उशिरा पोहोचले; आमचे मूळपुरुष पन्नास वर्षे लवकर.

वृत्तांतात दोन्ही छापावे असे मी सुचविले: ऐकीव कथा ऐकीव म्हणून, कागद कागद म्हणून. चुलतभावाला ते रुचले नाही. पानिपत गेले तर पहिल्या प्रकरणात उरते काय, असे त्याचे म्हणणे. आत्या नव्वदीच्या घरात आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “फौजेबरोबर नाही आला, तर मग आला कुठून रे?”

कागद पुन्हा उन्हाकडे धरून पाहिला. मोडी अक्षर स्वच्छ आहे. नावापुढे ‘हल्ली वस्ती इतवारा’ असे लागते. त्याच्या आधी, जिथे मूळ गावाचे नाव असावयाचे, तिथे कसर लागून बोटभर कागद गेलेला आहे.