वाट्याला आलेले

एखादी गोष्ट बिघडली की आपण सहज म्हणतो, "नशिबात होते, झाले." नशीब आणि किस्मत हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले. दोन्हींचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा. प्राचीन ग्रीक लोक नियतीला 'मोइरा' म्हणत. त्याचाही अर्थ वाटाच. मराठीतही दुःख 'वाट्याला' येते. पण वाटा आधीच ठरलेला असेल, तर माणसाच्या हाती काय उरते? ग्रीकांच्या दोन नायकांकडे पाहिले तर त्यांनी या प्रश्नाला कसे तोंड दिले ते कळते.

पहिला 'इलियड'मधला अकिलीस. त्याला आपला वाटा ठाऊक आहे. ट्रॉयपुढे लढत राहिला तर लवकर मरण आणि अमर कीर्ती. घरी परतला तर दीर्घ आयुष्य, पण नाव नाही. हेक्टर त्याच्या जिवलग मित्राला, पॅट्रोक्लसला, मारतो. हेक्टरला मारलेस तर पाठोपाठ तुझेही मरण आहे, असे आई थेटिस रडत सांगते. तरीही तो जातो. पुढे 'ओडिसी'त मृतांच्या लोकात हाच अकिलीस म्हणतो, की मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर मजुरी करून जगणे बरे. ग्रीकांनी कीर्ती गायली, तिची किंमत मात्र लपवली नाही.

दुसरा थीब्जचा राजा इडिपस. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, असे भविष्य त्याला डेल्फीला कळते. ज्यांना तो आईबाप समजतो त्यांच्यापासून दूर राहावे म्हणून तो कॉरिंथकडे पाठ फिरवतो, आणि त्याच वाटेवर त्याच्या हातून खरा बाप मारला जातो.

सॉफोक्लीसचे नाटक सुरू होते ते थीब्जमधल्या रोगराईने. खुद्द अथेन्समध्ये इ.स.पूर्व ४३० साली मोठी साथ आली होती. नाटक त्यानंतरच्या काही वर्षांतले असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. आधीच्या राजाच्या मारेकऱ्याचा शोध इडिपस स्वतः घेतो. सत्य जवळ येताच योकास्टा त्याला थांबायला विनवते. तो थांबत नाही. शेवटी स्वतःचे डोळे फोडून घेतो आणि सांगतो, की ही संकटे अपोलोने आणली, पण डोळ्यांवर चालला तो हात माझाच.

एकजण सारे जाणून पुढे गेला, दुसरा न जाणता पळाला. दोघांचाही वाटा चुकला नाही. पण मित्रासाठी मरण पत्करणे आणि स्वतःविरुद्ध जाणारे सत्य शोधत राहणे, हे त्यांचे त्यांनी निवडले.

'ओडिसी'च्या सुरुवातीलाच झ्यूस तक्रार करतो, की माणसे आम्हा देवांना दोष देतात. पण स्वतःच्या मूर्खपणाने ती वाट्यापेक्षा जास्त दुःख ओढवून घेतात. "नशिबात होते" म्हणण्यापूर्वी त्यातले वाट्याचे किती आणि आपल्या हातचे किती, एवढा हिशेब आपणही करावा.