अनंत नरकाचा खटला

नरकाचा खटला उभा राहावा आणि न्यायाधीशांनी त्यावर निकाल द्यावा, ही गोष्ट एखाद्या पुराणात शोभेल. पण ती घडली लंडन शहरी, ८ फेब्रुवारी १८६४ रोजी, प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीपुढे. हेन्री विल्सन नावाच्या इंग्लिश चर्चमधील एका धर्मोपदेशकाने १८६० सालच्या 'एसेज अँड रिव्ह्यूज' या निबंधसंग्रहात आपल्या लेखाच्या शेवटी एक आशा बोलून दाखविली होती. लहानथोर सर्वच जीवांना अखेरीस परमपित्याच्या कुशीत आसरा मिळेल, एवढीच ती आशा. तिच्यापायी, आणि बायबलच्या ईश्वरप्रेरिततेविषयीच्या त्याच्या मतांपायी, धर्मन्यायालयाने १८६२ साली त्याला वर्षभर पदावरून दूर केले. त्यावरचे हे अपील होते.

आशा धरणे हा गुन्हा कसा होऊ शकतो, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. मध्वमतातील तमोयोग्य जीवांचा अपवाद सोडला, तर आपल्याकडचा नरक हा मुक्काम आहे, कायमचे घर नव्हे. पुराणांनी तेथील यातनांची वर्णने करताना काही हात आखडता घेतलेला नाही. परंतु भोग सरला की जीव पुढच्या जन्माला मोकळा. ख्रिस्ती परंपरेतील मुख्य प्रवाहाने मात्र या नरकाला शेवट ठेवला नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने, ईश्वराची शिक्षा वैद्याच्या उपचारासारखी असते आणि शेवटी सर्व सृष्टी ईश्वराकडे परतेल, असा विचार मांडला होता. पुढे सहाव्या शतकात तो पाखंडात जमा झाला. जिंकले ते ऑगस्टिनचे तर्कशास्त्र. मत्तयाच्या शुभवर्तमानात नीतिमानांचे जीवन आणि पाप्यांची शिक्षा या दोहोंना एकच ग्रीक विशेषण लावले आहे. मग एक अनंत आणि दुसरी सान्त असे कसे म्हणता येईल? स्वर्ग टिकवायचा तर नरकही टिकवला पाहिजे, असा हा पेच होता आणि तो सुटायला सोपा नव्हता.

तो सोडविण्याचा खरा प्रयत्न केला लंडनच्या किंग्ज कॉलेजातील धर्मशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांनी. १८५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत त्यांनी त्या विशेषणालाच हात घातला. मराठी बायबलात त्या शब्दासाठी 'सार्वकालिक' असा प्रतिशब्द आहे. मॉरिस म्हणत, हा शब्द कालाची लांबी सांगतच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात सार्वकालिक जीवन म्हणजे ईश्वराला ओळखणे, असे सांगितले आहे. तसे असेल तर सार्वकालिक मृत्यू म्हणजे त्या ओळखीला मुकणे. वर्षे मोजून त्याचा हिशेब लागत नाही. 'शेवटी सर्व तरतील' असेही मॉरिस म्हणाले नाहीत. ईश्वरी प्रेमाला मरणाच्या क्षणी कुंपण पडते असे सांगण्याचा अधिकार माणसाला नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. कॉलेजच्या कौन्सिलला तेवढेही पुष्कळ झाले. अशा मतांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांची मने विचलित होतील, असे ठरवून त्याच वर्षी मॉरिस यांना दूर करण्यात आले. जाणत्या धर्मशास्त्रज्ञांकडून ग्रंथाची आधी तपासणी व्हावी, अशी सूचना कौन्सिलचे एक सभासद ग्लॅडस्टन यांनी केली होती; ती फेटाळली गेली. कवी टेनिसन यांनी मात्र या पदच्युत प्राध्यापकाला आपल्या घरी येण्याचे पद्यमय निमंत्रण धाडले.

इतकी भीती कशाची? आमच्या मते हा वाद केवळ ग्रीक व्याकरणाचा नव्हता. शिक्षा कशासाठी करायची, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. नरकाचा धाक गेला तर अनीतीला आवर कोण घालणार, ही चिंता जुन्या पक्षात प्रामाणिकपणे वावरत होती. पण त्याच काळी इंग्लंडच्या फौजदारी कायद्यात काय चालले होते ते पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना देहान्त शासन होते. १८६१ पर्यंत अशा गुन्ह्यांचे अवघे चार प्रकार उरले आणि १८६८ साली चव्हाट्यावरची फाशीही बंद झाली. गुन्हेगार सुधारावा किंवा निदान इतरांना जरब बसावी, याहून वेगळा हेतू ज्या शिक्षेला नाही ती क्रौर्य होय, असे बेंथॅमच्या पिढीपासून लोक म्हणू लागले होते. आता न्यायाच्या शेवटच्या दिवसानंतर जरब बसायला उरतो कोण? आणि अनंत शिक्षेत सुधारणेला वाव कोठे? इंग्लंडच्या न्यायाधीशाला जे लाजिरवाणे वाटू लागले, तेच विश्वाच्या न्यायाधीशाला शोभते असे म्हणणे दिवसेंदिवस कठीण होत गेले.

दुसरा धक्का आला तो धर्मप्रसाराच्या क्षेत्रातून. नाताळचे बिशप कोलेन्सो हे झुलू लोकांत काम करीत. ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नावच कधी पडले नाही, त्या वाडवडिलांचे काय झाले, या प्रश्नाला त्यांना तोंड द्यावे लागले. ते सर्व अनंत आगीत आहेत, असे समोरच्या माणसाला सांगायचे, आणि हीच सुवार्ता म्हणायची! १८६१ साली रोमकरांस पत्रावरील आपल्या भाष्यात, शिक्षेला अंत नाही हे आपल्याला यापुढे शिकवता येणार नाही, असे कोलेन्सोंनी स्पष्ट लिहिले. दोन वर्षांनी त्यांना पदच्युत करण्याची आज्ञा निघाली. तिच्यामागे इतर आक्षेपही होते आणि ती पुढे प्रिव्ही कौन्सिलने रद्दबातल ठरवली, हे खरे. तथापि हा प्रश्न ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात नव्हे तर झुलूंच्या गावात धारदार झाला, हे आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटते.

आता निकालाकडे वळू. खरा सिद्धान्त कोणता हे ठरवणे आमचे काम नव्हे, अशी भूमिका समितीने घेतली. विल्सन यांचे लिहिणे चर्चच्या अधिकृत कलमांविरुद्ध जाते की नाही, एवढेच पाहायचे. १५५३ साली ही कलमे बेचाळीस होती आणि अखेरचे कलम, सर्व माणसे शेवटी तरतील असे मानणाऱ्यांचा निषेध करणारे होते. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत कलमांची संख्या घटून एकोणचाळीस झाली, तेव्हा हे कलमही गळाले. तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी जे कलम गाळले, त्याच्या रिकाम्या जागेतून विल्सन सुटले. लॉर्ड चॅन्सेलर वेस्टबरी यांनी नरकाचा दावा खर्चासह काढून टाकला आणि सनातन्यांची अनंत नरकाची शेवटची आशाही हिरावून घेतली, अशी कोटी लंडनात लोकप्रिय झाली. सनातन्यांना मात्र हसू आले नाही. डॉ. पुसी प्रभृतींच्या पुढाकाराने निघालेल्या निषेधपत्रावर सुमारे ११,००० धर्मोपदेशकांनी सह्या केल्या.

या कथेचा पुढचा नायक आपल्या मुंबईत जन्मलेला आहे. फ्रेडरिक विल्यम फरार यांचा जन्म १८३१ साली मुंबईचा. वडील चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी. किंग्ज कॉलेजात फरार हे मॉरिस यांचेच विद्यार्थी. १८७७ साली वेस्टमिन्स्टर ॲबेच्या व्यासपीठावरून त्यांनी जी प्रवचने दिली, ती पुढच्या वर्षी 'इटर्नल होप' या नावाने ग्रंथरूपाने निघाली. त्यांनी चार समजुती नाकारल्या: यातना शारीरिक आहेत, त्या भोगणाऱ्या प्रत्येकाला अंत नाही, मानवजातीचा फार मोठा भाग त्यांना पात्र होणार, आणि मरणाच्या क्षणी निकालावर कायमची मोहर बसते.

पुसी यांनी १८८० साली ग्रंथ लिहून उत्तर दिले. नरकाच्या अनंतत्वावर ते ठाम राहिले. पण शारीरिक यातनांचा आग्रह त्यांनी धरला नाही, आणि बहुसंख्य मानवजात नरकात जाणार या समजुतीला भक्कम आधार नाही, हेही मान्य केले. मरणाऱ्याच्या अखेरच्या श्वासात ईश्वर आणि तो जीव यांच्यात काय घडते, ते शेजारी बसलेल्यांना कळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे नरकाचे दार त्यांनी उघडे ठेवले. आत किती जण आहेत हे मात्र सांगितले नाही.

वाद तेथे मिटला नाही. रोमन कॅथलिक चर्चच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथात नरकाचे अनंतत्व कायम आहे. १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी, नरक हे ठिकाण नसून ईश्वरापासून स्वतःला तोडून घेतलेल्या जीवाची अवस्था आहे, असे विवरण केले. इंग्लंडच्या चर्चच्या सिद्धान्त-आयोगाने १९९५ च्या अहवालात नरकाचे वर्णन संपूर्ण अभाव असे केले, तेव्हा काही वृत्तपत्रांनी, चर्चने नरक रद्द केला म्हणून पुन्हा एकदा गिल्ला केला.