खडकवासल्याचं पाणी आणि पायाचं वर्ष

आमच्या खुटबावातल्या एका मुलाचं इंजिनिअरिंगसाठी जर्मनीला जायचं ठरलं आणि त्याचे वडील कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी झालेली, तरी तिथल्या विद्यापीठात थेट प्रवेश नव्हता. आधी 'श्टुडिएनकोलेग'मध्ये दोन सत्रं काढायची: गणित, भौतिकशास्त्र, जर्मन भाषा. शेवटी परीक्षा, आणि ती सुटली तरच पुढची वाट मोकळी. "अण्णा, म्हंजी पोराचं वरीस वाया जाणार का?" एवढंच त्यांना विचारायचं होतं.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यामुळे मला उत्तर सुचलं ते कालव्यातूनच.

आपल्या दौंड तालुक्यातला ऊस खडकवासल्याच्या पाण्यावर उभा आहे. ते मूळ धरण कर्नल फाईफ यांनी आखलं, म्हणून जुन्या नकाशांत तलावाचं नाव 'लेक फाईफ' असं दिसतं. उजवा कालवा पुण्यातून निघून थेट आपल्याकडे, पाटसच्या बाजूला माटोबा तलावापर्यंत आला. त्याच्याही आधी, १८५८ साली, रेल्वे पुण्याहून दौंडवरून दिकसाळपर्यंत पोचली होती. आपलं स्टेशन त्याच मार्गावर आहे. रूळ, पूल, धरण, कालवा अशी कामं एकामागून एक निघणार होती आणि ती करायला शिकलेली माणसं हवी होती. पुण्यात १८५४ मध्ये 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं ते या गरजेतून. बांधकाम खात्याला हाताखालचे लोक तयार करून देणं हे त्याचं काम. आजचं शिवाजीनगरचं इंजिनिअरिंग कॉलेज ते हेच.

पण खरी सुरुवात त्याहून जुनी आहे, आणि ती मराठीतली आहे. १८२३ च्या सुमारास मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी एतद्देशीय मुलांसाठी शाळा चालवली. तिथे मोजणी आणि बांधकामाला लागणारं गणित मराठीत आणि गुजरातीत शिकवत. त्यासाठी जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींना हाताशी धरून अंकगणित, बीजगणित, भूमितीची पुस्तकं मराठीत तयार करवून घेतली. जेमतेम दहा वर्षांत, १८३२ मध्ये, ती शाळा बंद पडली. मला याचं फार वाईट वाटतं. आधी मुलाच्या भाषेत पाया घालायचा आणि मग त्याला यंत्रापाशी न्यायचं, ही वाट आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वी सापडली होती. आपण ती तेव्हाच सोडून दिली.

त्या वडिलांना मी सांगितली ती गोष्ट मात्र इंजिनिअर विश्वेश्वरय्यांची. मुद्देनहळ्ळीसारख्या गावातला, लहानपणीच वडील गेलेला मुलगा. बंगळुरूला शिकवण्या करून पोट भरत त्यांनी १८८१ मध्ये बी.ए. केलं. दिवाण रंगाचार्लू यांच्यामुळे म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा ते पुण्याला आले. शिवाजीनगरचं ते इंजिनिअरिंग कॉलेज त्या काळी 'कॉलेज ऑफ सायन्स' म्हणून ओळखलं जाई. एका संस्थानातून दुसऱ्या मुलखात आलेला तो विद्यार्थी १८८३ च्या परीक्षेत पहिला आला आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाला. बंगळुरूची ती वर्षं कोणी वाया गेली म्हणेल का? गणित पक्कं करून, इंग्रजी बसवून ते पुण्यात आले म्हणून इथलं शिक्षण त्यांना इतकं पेललं.

त्या शिक्षणाचा उपयोग आपल्याला कसा झाला तेही पाहा. खडकवासल्याच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई व्हायची. विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजांची रचना काढली. १९०३ मध्ये ते दरवाजे तिथे बसले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे आणि पूर ओसरला की मिटायचे. भिंत न वाढवता तलावात सुमारे आठ फूट जादा पाणी अडलं. दख्खनच्या कालव्यांवर पाणीवाटपाची 'ब्लॉक' पद्धत त्यांनीच आणली. जुने बागायतदार 'उसाचा ब्लॉक' म्हणतात ते त्यातूनच. १९६१ च्या पानशेतच्या पुरात जुनं खडकवासला फुटलं, पुन्हा बांधलं गेलं, नवा कालवा इंदापूरपर्यंत गेला.

साहेबालाही ही तयारी चुकलेली नव्हती. इंग्लंडात कूपर्स हिलला १८७० च्या दशकापासून १९०६ पर्यंत खास हिंदुस्थानात येणाऱ्या इंजिनिअरांसाठी कॉलेज होतं आणि तिथे त्या मुलांना हिंदुस्थानी भाषेचेही धडे असत. परक्या मुलखात काम करायचं तर आधी तयारी हवी, हे राज्यकर्ते स्वतःच्या मुलांच्या बाबतीत कधी विसरले नाहीत.

आमच्या वेळी हे तयारीचं वर्ष वेगळ्या नावाने असायचं. अकरावीला मॅट्रिक, मग कॉलेजात सायन्सची दोन वर्षं, मग इंजिनिअरिंग. १९७५ मध्ये दहावीची पहिली बॅच बाहेर पडली आणि ते दिवस संपले. त्या दोन वर्षांत गणित मला नवीन नव्हतं, गणिताची इंग्रजी नवीन होती. अवघड गेलं ते ड्रॉइंग. टी-स्क्वेअर बोर्डाच्या डाव्या कडेला घट्ट धरायचा, पेन्सिलीचं टोक सँडपेपरवर घासून पातीसारखं करायचं, आधी टू-एचने पुसट रेघा, मग एचबीने ठळक. लाकडाचा एकच ठोकळा समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल ते तीन ठिकाणी काढायचं. खेड्यातल्या मुलाने तोवर घर पाहिलेलं असतं, घराचा छेद पाहिलेला नसतो. पुढे कालव्याखालून ओढा नेणाऱ्या मोरीचं ड्रॉइंग हातात पडलं, तेव्हा गवंड्याला समजावून सांगताना मला अडलं नाही. कारण तो ठोकळा आधी नीट डोक्यात बसला होता.

पुण्यात त्याच काळात परदेशी मुलं दिसू लागली होती. आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याची आबाळ पाहून शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस काढलं, हे पुणेकरांना ठाऊक आहे. परक्या गावात शिकणाऱ्याला पुस्तकाइतकीच माणसांची गरज असते.

विश्वेश्वरय्यांचा खर्च संस्थानाने उचलला. आज आमच्याकडचा बाप तोच खर्च उसाच्या बिलातून नाहीतर जमिनीवर कर्ज काढून उचलतो. तयारीचं वर्ष कुणाला मिळणार, हे शेवटी त्याचे पैसे कोण भरतो यावर ठरतं. मला जाचतं ते हेच. हुशारी यवतला, केडगावला, शिरूरला सारखीच आहे.

मी त्या वडिलांना सांगितलं, "वर्ष वाया जात नाही, पाठवा." मुलगा आता शटलने पुण्याला जाऊन जर्मन शिकतोय आणि रविवारी माझ्याकडे त्रिकोणमिती करतो.

बारावीची परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत काही महिने मोकळे जातात. तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजांनी त्या दिवसांत एक खोली, दहा ड्रॉइंग बोर्ड आणि एक फळा द्यावा. दौंड-शिरूरमध्ये निवृत्त उपअभियंते, आयटीआयचे निदेशक, गणिताचे शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन तास यावं, मुलांकडून गणित मराठीत पक्कं करून घ्यावं, इंग्रजीत म्हणवून घ्यावं आणि ठोकळ्याच्या तिन्ही बाजू काढवून घ्याव्यात. खुटबावात खोली मिळाली तर पहिला वर्ग मी घेईन.