अहेरीच्या उन्हात एसी गार करेना: दुरुस्त करायचा की बदलायचा?

मे महिन्यात अहेरीत भर दुपारी एसी खोली गार करेना, की ‘आता नवाच घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. घाई नको. भारतात एसीची क्षमता बाहेरचं तापमान ३५ अंश धरून मोजली जाते. गडचिरोली-चंद्रपूरचा पारा ४५च्या आसपास गेला की धडधाकट एसीही कमी गारवा देतो. आधी फिल्टर, बाहेरच्या युनिटची जाळी आणि व्होल्टेज तपासा. रात्री खोली नीट गार होत असेल, तर मशीन बहुधा ठीक आहे.

गॅस मात्र पेट्रोलसारखा संपत नाही. दर उन्हाळ्यात भरावा लागतोय, म्हणजे गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. एसी दहा वर्षांचा झालाय आणि कॉइल किंवा कॉम्प्रेसर गेलाय, तर नवा घेणंच परवडतं. युनिटवर ‘आर-२२’ लिहिलं असेल तर नक्कीच. ओझोनला घातक असलेला हा गॅस माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होतोय आणि त्या मशीनमध्ये आर-३२ चालत नाही.

नवा घेताना स्टारसोबत लेबलवरचं वर्षही बघा. जुलै २०२२मध्ये निकष कडक झाले, तेव्हा आधीचा पाच स्टार एसी चारवर आला होता.